नाव ठेवणं आणि नावं ठेवणं: परळच्या हाफकिनची गोष्ट

लालबागच्या कुठल्याही पोरासारखं मीही 'हाफकिन' हे नाव वाचायला शिकायच्या आधी ऐकलं होतं. चाळीत कुणाला कुत्रं चावलं की मोठ्यांच्या बोलण्यात ते यायचंच. हाफ तिकीट असतं, हाफ चड्डी असते, तसं हेही काहीतरी हाफ असणार असं मला वाटायचं. हाफकिन नावाचा माणूस होता, आणि परळला येण्याआधी तो पाण्याच्या थेंबातल्या एकपेशीय जीवांवर काम करत होता, त्यातल्या काहींना त्यानं नावंही दिली होती, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. तेही माझ्या कामातल्या एका कमांडमुळे.

ती कमांड म्हणजे 'गिट ब्लेम'. ज्यांनी कधी कोडिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. एखाद्या फाइलवर ही कमांड चालवली की प्रत्येक ओळीपुढे एक नाव दिसतं: ती ओळ शेवटची कुणी बदलली त्याचं. बस्स, एवढंच. चूक कुणाची, हे ती सांगत नाही. पण कमांडचं नावच 'ब्लेम', म्हणजे दोष देणं. त्यामुळे ज्याचं नाव स्क्रीनवर दिसतं, सगळे त्याच्याकडेच बघायला लागतात.

पहिल्या नोकरीत चौथ्या महिन्यात माझं असंच झालं. मी एक बदल केला, दोन तासांनी ऑर्डर घेणं बंद पडलं, कुणीतरी ही कमांड चालवली आणि ग्रुपवर माझ्या नावाचा स्क्रीनशॉट पडला. मी माफी मागितली. पुढचे कित्येक आठवडे माझ्याकडे महत्त्वाचं काम आलं नाही. नंतर कळलं की दुसऱ्याच एका सर्व्हरची डिस्क भरली होती आणि माझ्या बदलाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण ते ग्रुपवर कुणी लिहिलं नाही.

मराठीत हा फरक एका अनुस्वाराचा आहे. बाळाचं आपण 'नाव ठेवतो' आणि शेजाऱ्याला 'नावं ठेवतो'. वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी आल्या. त्यांनी सूक्ष्म जीवांची नावं ठेवली, आणि मग जगानं त्यांना नावं ठेवली. म्हणून त्यांची गोष्ट सांगायच्या आधी या जीवांच्या नावांची थोडी ओळख करून घेऊ.

काठी, लवलव आणि पहिला प्राणी

'बॅक्टेरिया' हा शब्द आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. हात धुवायच्या साबणाच्या जाहिरातीत तो दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. पण त्याचा मूळ अर्थ भीतीदायक अजिबात नाही. ग्रीक भाषेत 'बाक्ट्रॉन' म्हणजे हातात धरायची काठी. तिचं लाडकं, छोटं रूप 'बाक्टेरिऑन', म्हणजे काठुकली. क्रिश्चियन एहरेनबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्यांसारखे जीव दिसले. १८२८ च्या सुमारास त्यानं त्यांना हे नाव दिलं. 'बॅसिलस' हा शब्द लॅटिन आहे, आणि त्याचाही अर्थ छोटी काठीच. म्हणजे एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा सांगितली.

कॉलऱ्याच्या जंतूचं नाव 'व्हिब्रिओ'. हे आलं लॅटिनमधल्या थरथरण्याच्या क्रियापदावरून, कारण तो सूक्ष्मदर्शकाखाली सतत लवलव करताना दिसतो. तुमच्या फोनमधला 'व्हायब्रेट' मोड त्याचाच चुलतभाऊ. 'अमीबा' म्हणजे बदल, कारण त्याला ठराविक आकारच नाही. 'पॅरामेशियम' म्हणजे लांबोडा. 'युग्लिना' म्हणजे सुंदर डोळ्याची, कारण तिच्या अंगावर लाल ठिपका असतो. आणि 'प्रोटोझोआ' म्हणजे पहिले प्राणी, ज्यांना आपल्या पाठ्यपुस्तकांत आदिजीव म्हणतात.

बघा, यातलं जवळपास प्रत्येक नाव डोळ्यांना काय दिसलं तेवढंच सांगतं. तो जीव काय करतो, कुणाला मारतो, कुणाला जगवतो, हे नावात नाही. बरेचसे बॅक्टेरिया काठीसारखे नसतात, काही गोल असतात, काही पिळवटलेले. तरी सगळ्यांना काठीच म्हणतात. नाव एकदा चिकटलं की चिकटलं. जुन्या कोडमध्ये एखाद्या व्हेरिएबलचं नाव चुकीचं पडलेलं असतं आणि ते दहा वर्षं कुणी बदलत नाही, तसंच.

मराठीनं इथे वेगळी वाट घेतली. आपण आकार बघितला नाही. जीव आणि अणू जोडून 'जिवाणू' केलं, म्हणजे अणूएवढा बारीक जीव. माझ्या मते हा शब्द काठुकलीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

ओडेसाचा व्लादिमिर

आता त्या माणसाकडे येऊ. जन्म १५ मार्च १८६०, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरात. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. रशियनमध्ये नाव व्लादिमिर खाव्किन. पुढे पॅरिसच्या कागदांवर ते हाफकिन झालं आणि पहिलं नाव वाल्डेमार. म्हणजे आपण परळला जे नाव घेतो ते दोन भाषा ओलांडून आलेलं आहे.

ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना गुरू मिळाले इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे, पुढे नोबेल मिळवणारे तेच. त्यांच्या हाताखाली हाफकिन युग्लिना आणि तिच्यासारख्या एकपेशीय जीवांचा अभ्यास करू लागले.

पण बाहेर वातावरण पेटलेलं होतं. १८८१ मध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. हाफकिन स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांच्या दलात होते. त्यात जखमी झाले, अटकही झाली, आणि मेचनिकॉव्ह यांनी त्यांच्या बाजूनं साक्ष दिली. पुढे विद्यापीठात वर चढायची वेळ आली तेव्हा अट स्पष्ट होती: धर्म बदला. त्यांनी नकार दिला आणि प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयातल्या छोट्या नोकरीवर राहिले. १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हाला शिकवलं, मग १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले. मेचनिकॉव्ह तिथे आधीच आलेले होते. शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन तिथे लागले ग्रंथालयात.

पॅरामेशियमच्या पोटातली नावं

दिवसा पुस्तकं, उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शक. १८९० मध्ये त्यांनी पॅरामेशियमला होणाऱ्या रोगांवर संशोधन छापलं. हे मला फार मजेशीर वाटतं. ज्या जीवाला आपण साध्या डोळ्यांनी फार तर एक ठिपका म्हणून बघू शकतो, तोही आजारी पडतो! त्याच्या पेशीकेंद्रात शिरून वाढणारे आणखी बारीक जीव हाफकिन यांना दिसले. त्यांचे तीन प्रकार होते. हाफकिन यांनी त्यांना 'होलोस्पोरा' असं कुळनाव दिलं आणि प्रत्येकाला वेगळं विशेषण: एक 'अंड्युलाटा', म्हणजे नागमोडी, एक 'एलेगन्स', म्हणजे नाजूक, आणि एक 'ऑब्ट्युझा', म्हणजे बोथट टोकाचा.

'होलो' म्हणजे अख्खा, 'स्पोरा' म्हणजे बीज. बीजाणू किंवा स्पोर म्हणजे काही जिवाणूंचं सुप्त रूप: कडक कवच, आत झोपलेला जीव. हाफकिन यांना वाटलं की इथे अख्खा जीवच बीजाणू होतोय. आज आपल्याला माहीत आहे की होलोस्पोराचं ते रूप खरा बीजाणू नाही. ते एका पॅरामेशियममधून दुसऱ्यात शिरण्यासाठीचं रूप आहे. म्हणजे नावात अंदाज थोडा चुकला होता. हा शब्द लक्षात ठेवा. बीजाणू पुढे परत येणार आहे, आणि तेव्हा तो खरा असेल.

कॉलरा, कोलकाता

त्या काळी युरोपात कॉलऱ्याची साथ पसरत होती. हाफकिन आदिजीवांकडून कॉलऱ्याच्या जंतूकडे वळले, लस तयार केली, प्राण्यांवर तपासली, आणि १८ जुलै १८९२ ला पहिला डोस स्वतःला टोचून घेतला. ताप आला, गेला. मग काही रशियन मित्रांनी घेतला.

पण ही लस खऱ्या साथीत काम करते का, हे कळायला साथ जिथे दरवर्षी येते तिथेच जायला हवं होतं. मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्याला उतरले. पुढच्या दोनेक वर्षांत चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस दिली. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये लोकांचा विश्वास नव्हता, आणि का असावा? सोबतचे भारतीय डॉक्टर सगळ्यांसमोर आधी स्वतः टोचून घेत, तेव्हा कुठे रांग लागायची. मलेरियानं हैराण होऊन हाफकिन १८९५ मध्ये युरोपला गेले आणि पुढच्या वर्षी परत आले.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी एक रुग्ण तपासला आणि ओळखलं की हा साधा ताप नाही, गाठीचा ताप आहे. प्लेग. बंदरातली गोदामं, उंदीर, दाटीवाटीच्या चाळी. साथ पसरायला आणखी काय हवं? लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे गेले आणि काहींसोबत रोगही गेला. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. घरात शिरून तपासण्या करणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी त्याच वर्षी जूनमध्ये गोळी झाडली. शाळेच्या इतिहासात आपण हे वेगवेगळ्या धड्यांत शिकतो, पण सगळं एकाच साथीत, काही महिन्यांच्या आत घडत होतं.

ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. तेही पाश्चर संस्थेत काम करून गेलेले.

लस बनवायची रीत अशी. मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे. रश्शावर तुपाचे थेंब सोडायचे. हो, आपलं तूपच. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. भांडं अधूनमधून हलवायचं, सुळके खाली बसतात, वर नवे वाढतात. काही आठवड्यांनी ते सगळं तासभर तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं. मेलेल्या जंतूंची ही लस शरीराला शत्रूचा फोटो दाखवते, शत्रू घरात न घेता.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी १० घनसेंटीमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना दिलेल्या डोसच्या हे कितीतरी पट होतं. ताप चढला, दुखलं, पण ते उभे राहिले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. आजच्या भाषेत ए-बी टेस्ट. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना झाला आणि एकही मेला नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तुरुंगातला माणूस तयार झाला म्हणजे नक्की किती मोकळेपणानं तयार झाला, हा प्रश्न आज आपण विचारतो आणि विचारलाच पाहिजे.

लस पक्की ढाल नव्हती. टोचल्यावर ताप यायचा, हात दुखायचा, आणि तरीही काहींना प्लेग व्हायचाच. पण लागण आणि मृत्यू दोन्ही बरेच कमी व्हायचे. मागणी इतकी वाढली की व्हरांडा पुरेना. जागा बदलत बदलत १० ऑगस्ट १८९९ ला प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. उद्घाटन केलं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी. हार्बर लाइनवरच्या सँडहर्स्ट रोडला ज्यांचं नाव आहे, तेच. गंमत म्हणजे हा बंगला गव्हर्नरांनी सोडायचं एक कारण कॉलराच होतं. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे कॉलऱ्यानं गेली, आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलवर हलला. कॉलऱ्यानं रिकाम्या केलेल्या घरात कॉलऱ्याची लस करणारा माणूस राहायला आला.

बाटली ५३-एन

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग थैमान घालत होता आणि तिथल्या सरकारला प्रचंड प्रमाणात लस हवी होती. जुनी तुपाची रीत वेळखाऊ. परळला नवी, जलद रीत सुरू झाली, आणि त्यात कार्बोलिक आम्ल वगळलं गेलं. डेडलाइन जवळ आली की आपण प्रोसेस बदलतो, हे काही आजचं नाही.

३० ऑक्टोबर १९०२ ला मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. आठवड्याभरानं त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला. आपल्या भाषेनं या रोगाला आकारावरून नाव दिलंय: शरीर धनुष्यासारखं वाकतं. एकोणीसच्या एकोणीस मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती, नंबर ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

धनुर्वाताच्या जंतूला आज क्लॉस्ट्रिडियम म्हणतात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ छोटी चाती, सूत कातायची. हा जंतू मातीत असतो आणि तो खरा बीजाणू करतो, जो उकळत्या पाण्यातही बराच वेळ तग धरतो. बारा वर्षांपूर्वी हाफकिन यांनी खोट्या बीजाणूला बीजाणू म्हटलं होतं. आता खरा बीजाणू त्यांच्या दारात उभा होता.

चौकशी समिती बसली. निष्कर्ष असा निघाला की बाटलीत माती परळलाच शिरली असणार आणि कार्बोलिक आम्ल वगळणं ही चूक होती. शेवटचा बदल कुणी केला? हाफकिन यांनी. झालं, 'गिट ब्लेम'. त्यांना संचालकपदावरून दूर केलं गेलं आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले. एकोणीस माणसांच्या मृत्यूचा ठपका घेऊन.

लॉग नीट वाचला तर

आम्ही इंजिनिअर लोक बिघाड शोधताना एकच प्रश्न परत परत विचारतो: ही चूक नक्की कोणत्या वेळी सिस्टिममध्ये शिरली? मुलकोवालच्या कागदांत त्याचं उत्तर होतं.

पहिला पुरावा वासाचा. धनुर्वाताचे जंतू बाटलीत वाढले की घाण वास येतो. ५३-एन भरून काही आठवडे झाले होते. जंतू परळहून आले असते तर तोवर वास भरून राहिला असता. पण बाटली उघडणाऱ्या डॉक्टरनं वास घेऊन बघितला होता आणि काहीच जाणवलं नव्हतं.

दुसरा पुरावा वेळेचा. लक्षणं लगेच दिसली नाहीत, आठवडाभर लागला. मुरलेलं विष टोचलं गेलं असतं तर त्रास फार लवकर सुरू झाला असता. म्हणजे नुकतेच पडलेले बीजाणू आत गेले होते.

तिसरा पुरावा सगळ्यांत साधा. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो जाळावर धरून निर्जंतुक करण्याऐवजी फक्त जंतुनाशकाच्या पाण्यात बुचकळला, आणि त्यानंच बूच काढलं.

आणि कार्बोलिक आम्ल? लशीत ते इतकं पातळ असायचं की धनुर्वाताच्या बीजाणूंवर त्याचा काही परिणाम झालाच नसता. म्हणजे ज्या बदलासाठी हाफकिन यांना धरलं, तो जुना ठेवला असता तरी ती माणसं वाचली नसती.

मला इथे त्या मदतनिसाला नावं ठेवायची नाहीत. गर्दी, घाई, शंभरावर माणसं रांगेत. हातून चिमटा कुणाच्याही पडेल. चूक व्यवस्थेची होती, कारण चिमटा पडल्यावर काय करायचं याची सवय तिथे पक्की झालेली नव्हती. हाफकिन निर्दोष होते म्हणून दुसरा दोषी शोधायलाच हवा असं नाही.

हाफकिन लंडनमध्ये बसून वर्षानुवर्षं कागद मांडत राहिले. शेवटी मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस पुढे आले. १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीरपणे लिहिलं की ठपका टिकत नाही. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले.

पण निर्दोष ठरणं आणि जागा परत मिळणं यात फरक असतो. परळची खुर्ची भरली गेली होती. ते कोलकात्याला परतले, पण लोकांवर नव्या लशीच्या चाचण्या घ्यायची मोकळीक त्यांना मिळाली नाही. कॉलऱ्याची लस मेलेल्या जंतूंपासून आणखी सुरक्षित करण्याच्या त्यांच्या कल्पना तशाच राहिल्या. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले. लग्न केलं नव्हतं. शेवटच्या काळात आपली मिळकत पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांतल्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे गेले.

नावं बदलतात, काही परत येतात

परळची प्रयोगशाळा त्यांच्याशिवाय चालू राहिली. १९२५ पर्यंत तिथून प्लेगच्या लशीचे अडीच कोटींहून जास्त डोस बाहेर पडले. त्याच वर्षी सरकारनं तिचं नाव बदललं: हाफकिन इन्स्टिट्यूट. तेव्हा ते हयात होते, एवढं तरी बरं. १९६४ मध्ये भारताच्या पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं.

प्लेगच्या जंतूचंही नाव बदललं. आधी तो काठुकली होता, बॅक्टेरियम आणि बॅसिलस. मग पाश्चर यांच्या नावानं ओळखला गेला. १९४४ मध्ये येर्सिन यांच्या सन्मानार्थ 'येर्सिनिया' झाला. शोधून काढणाऱ्याचं नाव त्याला पन्नास वर्षांनी मिळालं.

आणि होलोस्पोरा? १९८० मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या मान्य नावांची नवी यादी केली. जुन्या नावांचा पसारा इतका झाला होता की यादीत नसेल ते नाव अधिकृत धरायचं नाही असं ठरलं. आमच्याकडे न वापरलेलं कोड साफ करतात तसं. होलोस्पोरा त्या यादीत नव्हता. पण १९८१ मध्ये ग्रोमोव्ह आणि ओसिपोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी ते नाव रीतसर परत आणलं, आणि शास्त्रीय पद्धतीप्रमाणे नावापुढे नोंद केली: मूळ नाव हाफकिन यांचं, १८९०. अंदाज चुकलेला असला तरी आधी बघितलं कुणी, याची नोंद पुसली नाही.

मला हीच पद्धत आवडते. शास्त्रीय नावापुढे माणसाचं नाव लिहितात ते दोष द्यायला नाही, माग ठेवायला. कुणी बघितलं, कधी बघितलं, पुढे काय सुधारलं. खरं तर गिटमध्येही हीच माहिती असते. फक्त आम्ही कमांडचं नाव चुकीचं ठेवलं.

आता आमच्या टीममध्ये काही बिघडलं की मी अहवालात दोन गोष्टी लिहितो. काय झालं ते, वेळेसकट. आणि तपासात ज्याचा संबंध नाही असं ठरलं, त्याचंही नाव, त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे. हे दुसरं काम कंटाळवाणं आहे. तोवर सगळे पुढच्या कामाला लागलेले असतात आणि कुणी वाचतही नाही. पण हाफकिन यांना त्याच एका ओळीसाठी पाच वर्षं थांबावं लागलं.

परवा केईएमला एका नातेवाइकाला भेटून निघालो आणि आचार्य दोंदे मार्गावरून चालत गेलो. संस्थेचं गेट लागलं. सोबत माझा शाळकरी पुतण्या होता. त्यानं पाटी वाचली आणि विचारलं, काका, हाफ का म्हणतात याला?

मी म्हटलं, चल, लालबागपर्यंत चालत जाऊ. सांगतो.